मिठाच्या बरणीत किल्ल्या

नऊ गावं, नऊ देवळं, नऊ किल्ल्या.
कास्त्रोमीलची सगळ्यात लांब, वीतभर;
तिनं माझ्या कोटाचा खिसा तीनदा फाडला.
रविवारी चार मिस्सा, मध्ये घाटाची वळणं,
मांडीवर पावाचा तुकडा, गिअरवर सांडलेली कॉफी.
कास्त्रोमीलला, दफनाच्या वेळी,
लेओन्सियोऐवजी मी बेलार्मिनो म्हणालो.
बेलार्मिनोला आदल्या दिवशी पुरलं होतं, दुसऱ्या गावात.
कोणी हसलं नाही.
विधवेनं फक्त मान वर केली,
आणि मी तेच नाव पुन्हा घेतलं, ठासून.

बिशपांनी बोलावलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
म्हणाले, "एलादियो, शेवटचा कोणाबरोबर जेवलास?"
मी आठवू लागलो.
जेवलो, एवढं आठवलं.
बरोबर कोण, ते काही आठवेना.

म्हणून सिल नदीच्या कड्यावरच्या मठात, एक महिना.
दारातच सिस्टर ओब्दुलियानं हात पुढे केला.
मी आशीर्वाद द्यायला निघालो, तिला किल्ल्या हव्या होत्या.
जुडगा मिठाच्या बरणीत टाकला, झाकण घट्ट लावलं.
"आठवडाभर मिस्सा करायची नाही.
ऐकायची. शेवटच्या बाकावरून."

शेवटच्या बाकावरून वेदी किती लहान दिसते!
तीस वर्षं मला पत्ता नव्हता
की मागे बसणाऱ्यांच्या पायांतून गारठा वर चढतो,
की उपदेश तिथवर पोचेस्तोवर
त्याचा नुसता घोगरा सूर उरतो.
तीन दिवस मी झोपलो.
चौथ्या दिवशी रडलो. कशासाठी ते विचारू नका,
बटाटे सोलत होतो.

शेजारच्या खोलीत फादर अमान्सियो, ऐंशी पार.
त्यांचे हात कापतात, म्हणून दाढी मी करायची.
साबणाचा फेस, गालाची सैल कातडी, हनुवटीखालचा जुना व्रण.
एवढा वेळ एका चेहऱ्याकडे
मी कधी पाहिलं होतं?
तेलाचा क्रूस हजारभर कपाळांवर काढला असेल,
घड्याळावर डोळा ठेवून.

ऑक्टोबर सरता सरता चेस्टनट गळू लागले.
काटेरी बोंडं टाचेनं फोडायची,
आम्ही दोघं, एक टोपली, धुकं.
तिथंच, ओणवा असताना, मी त्यांच्याजवळ पापनिवेदन केलं:
सहा वर्षं झाली, प्रार्थना म्हणजे
कुलूप लागलेल्या घराची घंटा दाबत राहणं.
रात्री बाटलीशी बोलतो.
देवावर राग नाही, फादर;
रागवायलाही कुणीतरी समोर लागतं.

अमान्सियो बराच वेळ गप्प.
मग थरथरत्या हातानं एक चेस्टनट माझ्यापुढं धरला,
हलका, भोक पडलेला.
मी डोळे मिटून बोधवचनाची वाट पाहू लागलो.
"अरे, टाक तो," म्हणाले. "किडका आहे."
मी हसलो. टोपली लवंडली तरी हसत होतो.
प्रायश्चित्त दिलं ते असं:
"बाटलीचं ओब्दुलियाला सांग, ती डॉक्टरकडे नेईल.
आणि आज रात्री हे भाज. पोटभर खा. एकट्यानं नाही."

महिन्यानं बरणी उघडली.
किल्ल्यांच्या दातांत मीठ अडकलं होतं.
घंटा मी अजून दाबतो.
दार उघडलं असं म्हणणार नाही;
पण परवा आत कुणीतरी खुर्ची सरकवली,
किंवा मांजर असेल.

कास्त्रोमीलला गेलो ते मंगळवारी. मंगळवारी तिथं मिस्सा नसते.
विधवेचं नाव दोरिंदा. मला ते विचारावं लागलं.
लेओन्सियो कसा होता, तेही विचारलं.
तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि सांगू लागली:
हट्टी होता, शीळ बेसूर घालायचा,
देवळाची घंटा त्यानं दोनदा दुरुस्त केली,
दोन्ही वेळा किल्लीसाठी तासभर पावसात थांबून.
वीतभर लांबीची ती किल्ली मी टेबलावर ठेवली.
"ही आता तुमच्याकडे असू दे."
तिनं पदराखाली नाही, सरळ एप्रनच्या खिशात टाकली,
हात पुसले, विचारलं, "सूप आणखी?"

मी वाटी पुढे केली.